झडती वार्ताहराची, घोर सांगणाऱ्याला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमचे धावडा भोकरदन तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या अगदी कडेला. जिल्ह्याची हद्द ओलांडली की पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात धाड नावाचे गाव आहे. त्यामुळे या शब्दावर विनोद करायची आमच्या भागाला जुनी सवय. कोणी घाईघाईने एसटी पकडताना दिसला की हमखास विचारायचे, 'काय पाव्हणं, धाडला निघालात का धाडीला?' वार्ताहरकी पत्करली आणि पुढे स्वतःवर एक प्रसंग आला, तेव्हापासून मी हा विनोद करत नाही. तो प्रसंग सांगणारच आहे. आधी शब्दांचा घोळ थोडा निस्तरू.

धाड, छापा, झडती, जप्ती हे शब्द आम्ही मथळ्यांत जागा बघून वापरतो. कायदा तसे करत नाही. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बीबीसीच्या दिल्ली आणि मुंबईच्या कार्यालयांत शिरले आणि तीन दिवस तिथे होते. वर्तमानपत्रांनी 'धाड' म्हटले. खाते म्हणाले, ही धाड नव्हे, सर्वेक्षण. फरक आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात धाड म्हणजे कलम १३२. तिच्यात घरात शिरता येते, कपाटाचे कुलूप तोडता येते. सर्वेक्षण कलम १३३अ खालचे, ते व्यवसायाच्या जागेपुरते आणि कामाच्या वेळेत आत शिरून करायचे. त्याआधी काही आठवडेच २००२ च्या गुजरात दंगलीवरून पंतप्रधानांवर टीका करणारा बीबीसीचा माहितीपट सरकारने समाजमाध्यमांवर रोखला होता, म्हणून या भेटीचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. ज्यांची भूमिका महत्त्वाची अशाच कर्मचाऱ्यांचे जबाब घेतले, नेहमीचे काम चालू दिले, असे खात्याने नंतर सांगितले. असेलही. हिशेब तपासणे आणि बातमीदारी तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी, हे मान्यच. पण अडचण अशी की टेबलावरचा संगणक एकच असतो. त्यात जमाखर्चही असतो आणि ज्याने रात्री अकराला फोन करून काही सांगितले, त्याचे नावही असते.

मला बोलायचे आहे ते या माणसाविषयी. झडती होते पत्रकाराची, जप्त होतो पत्रकाराचा फोन, निषेधाची पत्रके निघतात ती पत्रकारांच्या संघटनांची. ज्याच्या जिवाला खरा घोर लागतो त्याचे नाव कोणत्याही पत्रकात नसते. नसायलाच हवे म्हणा.

'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' हे वाक्य तुम्ही हजारदा वाचले असेल. पुष्कळांना वाटते, ही सूत्रे बातमीदाराच्या डोक्यातच राहतात. क्वचित तसे असतेही, खोटे कशाला बोलू? पण खेड्यातले सूत्र हा हाडामांसाचा माणूस असतो. रेशन दुकानातला मापाडी, अंगणवाडीची मदतनीस, ग्रामपंचायतीचा शिपाई, रोजगार हमीच्या हजेरीपटावर ज्याचा अंगठा न लावता उमटला तो मजूर. दिल्लीत एखादी फाईल फुटली तर ती तोवर पन्नास टेबलांवरून फिरलेली असते. गावातला कागद तिघांनीच पाहिलेला असतो. सकाळी बातमी वाचून चहा संपेपर्यंत गाव तिघांवरून एकावर येते.

आमच्यासारखे वार्ताहर पगारी नसतात, हेही सांगितले पाहिजे. अंकांची एजन्सी, जाहिरातीचे कमिशन, जोडीला झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचे दुकान, घरची थोडी मिरची-कपाशी. आमचा हा पट्टा मिरचीचा. शासनाची अधिस्वीकृती आमच्यापैकी बहुतेकांकडे नाही. खिशातले ओळखपत्र वर्तमानपत्राने दिलेले, तेही जिल्हा प्रतिनिधीची मर्जी असेल तोवर. मुंबईच्या संपादकाकडे पोलीस गेले तर तासाभरात वकील हजर होतो. आमच्याकडे आले तर शेजारचा सलूनवाला हजर होतो, बघायला.

२०१३ चा उन्हाळा. दुष्काळ असा की आमच्या जालना जिल्ह्याचे नाव रोज राज्यभरच्या बातम्यांत. मी तेव्हा काही काळ दुसऱ्या तालुक्यात राहून बातमीदारी करत होतो. तालुका कोणता, कार्यालय कोणते, हे सांगणार नाही आणि एकदोन खुणाही मी बदलून सांगतो आहे. कारण उघड आहे. गावोगाव टँकर चालू होते. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, कोणत्या गावी किती वाजता रिकामा झाला, हे लॉगबुकात लिहायचे आणि गावातल्या कोणाची तरी सही घ्यायची, अशी पद्धत. एका माणसाने मला लॉगबुकाच्या सात पानांची झेरॉक्स आणून दिली. एका वस्तीवर रोज दोन खेपा मांडलेल्या. मी त्या वस्तीवर गेलो, बायांशी बोललो. आठवड्यातून दोन खेपा आल्या तर नशीब, असे त्या म्हणाल्या. सह्या कोणाच्या विचारले, तर एक सही गेल्या दिवाळीत वारलेल्या म्हाताऱ्याची निघाली. बातमी आतल्या पानावर चार कॉलम लागली.

चौथ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांतले दोघे दुकानात आले. सरकारी दप्तर चोरल्याचा अर्ज आहे म्हणाले. कागद दाखवला नाही. पंच नाहीत, पंचनामा नाही, पावती नाही. गल्ल्याशेजारची वही घेतली आणि फोन मागितला. मी दिला. आज विचाराल तर का दिलास, याला माझ्याकडे उत्तर नाही. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती आणि मला तो प्रसंग लवकर संपायला हवा होता, एवढेच खरे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही आणि फोन दोन्ही परत मिळाले. गुन्हा नोंदला नाही, मला कोणी धमकावले नाही, फोनमधला बॅलन्ससुद्धा जसाच्या तसा. माझे काहीच गेले नाही.

वहीत त्या माणसाचे नाव नव्हते, ती अक्कल मला होती. वहीत मी 'टोपी' लिहिले होते, कारण तो उन्हात कायम टोपी घालायचा. पण फोनमध्येही नंबर 'टोपी' याच नावाने साठवलेला होता. बातमीच्या आधीच्या तीन दिवसांत त्या नंबरशी झालेली बोलणी तारीखवार, वेळेसह ओळीने तिथे होती. तो रोजंदारीवर होता. आठवड्याच्या आत त्याला 'उद्यापासून येऊ नको' असे सांगण्यात आले. रोजंदारीवरच्या माणसाला काढायला लेखी आदेश लागत नाही.

तो भांडायला आला नाही. दुकान बंद करायच्या वेळेला आला आणि एवढेच विचारले, 'दादा, माझं नाव तुम्ही घेतलं का?' मी नाही म्हणालो. 'मंग त्यांना कसं कळलं?' मी काउंटरवरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. फोन त्याला हाताळता येत होता. त्यात आपले नाव असे पडून असते, हे कधी डोक्यात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते.

नंतर मी कायदा वाचू लागलो. वकिलांना विचारले, पुस्तके मागवली. सर्वांत आधी ज्या गोष्टीवर थबकलो ती अशी. आपला जुना पुरावा कायदा १८७२ चा. त्यात काही माणसांच्या कानगोष्टींना संरक्षण होते. नवरा-बायकोत झालेले बोलणे कोर्टात सांगायला लावता येत नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेले वकिलाकडून काढता येत नाही. आणि कलम १२५ म्हणत होते की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही. म्हणजे पोलिसांच्या खबऱ्याचे नाव कायद्याने झाकलेले. पत्रकाराला खबर देणाऱ्याबद्दल या कायद्यात एक ओळ नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खबऱ्याचे संरक्षण त्यात जसेच्या तसे उतरले. पत्रकाराची ओळ तेव्हाही आली नाही.

कोणी सुचवलीच नव्हती असे मात्र नाही. १९८३ मध्ये न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने याच एका विषयावर ९३ वा अहवाल दिला. पुरावा कायद्यात कलम १३२अ घाला आणि विश्वासाने मिळालेल्या माहितीचा उगम सांगण्याची सक्ती पत्रकारावर करू नका, असे त्यात म्हटले होते. अहवाल कपाटात गेला. वृत्तपत्र परिषदेच्या १९७८ च्या कायद्यात कलम १५(२) आहे. बातमी कोणाकडून मिळाली हे सांगायला परिषद संपादकाला किंवा पत्रकाराला भाग पाडू शकत नाही, असे ते म्हणते. वाचायला छान वाटते. पण ते बंधन त्या परिषदेपुरतेच. तुमच्या दारात परिषद येत नाही, फौजदार येतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तो चांगलाच आहे. पण तो काठी घेऊन येणाऱ्यासाठी आहे, पंचनाम्याचे कागद घेऊन येणाऱ्यासाठी नाही. आणि भ्रष्टाचार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये मंजूर होऊनही अंमलात आणला गेलेला नाही. आला असता तरी त्याचे छत्र सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रार करणाऱ्यावर. वार्ताहराकडे येणारा त्याच्या बाहेरच.

नाव फुटले की काय होते हे पाहायचे तर सत्येंद्र दुबे यांचे उदाहरण पुरे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातली लूट त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासह टेबलाटेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेला त्यांची गोळी घालून हत्या झाली. मारेकरी लुटारू होते, असे तपासात पुढे आले. तरी गुप्ततेची विनंती करणारे नाव गुप्त राहिले नव्हते, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

झडतीचा इतिहास आपल्या मराठी वर्तमानपत्रांना नवा नाही. २४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली. दुसऱ्या दिवशी पुण्यात त्यांच्या घराची आणि सिंहगडावरच्या बंगल्याची झडती झाली. खटला होता 'केसरी'तल्या लेखांवर. लेख छापील, सर्वांनी वाचलेले. ते सिद्ध करायला घर धुंडाळण्याची गरज नव्हती. पण झडतीत टेबलाच्या खणातून एक पोस्टकार्ड निघाले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली. मुजफ्फरपूरच्या बाँबला तेव्हा दोनच महिने होत होते. टिळकांनी कोर्टात सांगितले, सरकारने स्फोटकांविषयीचा नवा कायदा केला, त्यावर लिहायचे म्हणून ही नावे टिपून ठेवली होती. संपादकाच्या टेबलावर असे कपटे ढिगाने असतात, हे ज्याने संपादकाचे टेबल पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. पण सरकारी पक्षाने ते कार्ड ज्युरीपुढे ठेवलेच. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन. निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैला न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले.

कार्डामुळेच शिक्षा झाली असे मी म्हणत नाही. ते कार्ड नसते तरी निकाल बदलला नसता. मला त्यात दिसते ते झडतीचे एक अंग. समन्स काढून एखादा कागद मागवला तर काय हवे ते मागणाऱ्याला आधी ठरवावे लागते. झडतीत काय सापडेल ते सापडेल, आणि सापडल्यावर त्याचा अर्थ लावता येतो. टेबलावर काय अभ्यास चालू आहे, कोणाचे पत्र आले आहे, उद्याचा लेख कशावर आहे, सगळे बाहेरच्याच्या हातात. टिळकांच्या खणात एक कार्ड होते. आज त्या खणाच्या जागी फोन आहे.

याच 'केसरी'ची दुसरी गोष्ट पत्रकारांना फारशी आवडत नाही, पण सांगायला हवी. १८८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा' यांनी गंभीर आरोप केले. तरुण छत्रपतींचा छळ चालला आहे, असा मजकूर होता, आणि पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणून पत्रे छापली होती. पत्रे बनावट निघाली. ती पुरवणारे ऐनवेळी पाठीशी उभे राहिले नाहीत. टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले; आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. सांगणारा खोटे सांगू शकतो, सूड उगवायला सांगू शकतो, आणि त्याचे नाव झाकून ठेवणाऱ्याला त्याच्या खोटेपणाची किंमत मोजावी लागते. म्हणून सूत्रांचे संरक्षण हा कोणाचीही बदनामी करण्याचा परवाना नाही. विधी आयोगानेही तसा परवाना मागितला नव्हता.

याला जोडून १४० वर्षांनंतरची घटना पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द वायर' या वृत्तसंकेतस्थळाने समाजमाध्यम चालवणाऱ्या मेटा या बड्या कंपनीविषयी आणि एका सत्ताधारी नेत्याविषयी बातम्या दिल्या. आधारासाठीचे कागद संशयास्पद ठरले, 'वायर'ने बातम्या मागे घेतल्या आणि वाचकांची माफी मागितली. त्या नेत्याने फिर्याद दिली. इथवर १८८२ सारखेच. पुढे मात्र ३१ ऑक्टोबरला दिल्ली पोलिसांनी संपादकांच्या घरांची झडती घेऊन त्यांचे फोन आणि संगणक नेले. ते परत करण्याचा आदेश दंडाधिकाऱ्यांनी दिला २०२३ च्या सप्टेंबरात, जवळपास अकरा महिन्यांनी. टिळक-आगरकरांवर जे छापले त्यासाठी खटला चालला. इथे एका चुकलेल्या बातमीच्या तपासासाठी संपादकांच्या बाकी सगळ्या बातम्यांचे, न छापलेल्यांचेसुद्धा, सांगणारे पोलिसांच्या ताब्यातल्या यंत्रांत जाऊन बसले. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी ते अकरा महिने कसे काढले असतील?

आमच्या मराठवाड्यात निजामाच्या काळी निराळी तऱ्हा होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून अंक काढायचे. नव्या नावावर बंदी आली की आणखी नवे नाव. आमच्या पलीकडचा बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली, आणि आम्ही निजामाच्या. दोन राजवटींमधली ही शीव. इकडे बंदी असलेला कागद जवळ बाळगणाऱ्याला तो लपवायला निदान कडब्याची गंज होती. हैदराबादेत तर 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रस्त्यात गाठून ठार मारले. तेव्हा बातमी आणि बातमीदार संपवणे हे उद्दिष्ट असे. आणीबाणीतही सेन्सॉरचा रोख छापण्यावर होता. सांगणाऱ्यापर्यंत इतक्या सहज पोहोचता येणे ही सोय फोनने केली.

सोय किती मोठी, याची कल्पना असू द्या. माझ्या २०१३ च्या साध्या फोनात फक्त नंबर आणि वेळा होत्या. आजच्या फोनमध्ये मी कुठे किती वाजता होतो, कोणासोबतचा फोटो कुठे काढला, कोणता निरोप वाचून पुसून टाकला, यातले पुष्कळ काही निघू शकते. पुसलेलेही काही वेळा परत आणता येते. आणि एकदा पूर्ण नक्कल काढून घेतली की फोन परत मिळाल्याने काही परत मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलेले नाही असे नव्हे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीचे प्रकरण २०२१ च्या ऑक्टोबरात आले, तेव्हा पत्रकारांच्या सूत्रांचे संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट आहे, ते नसेल तर माहिती देणारेच पुढे येणार नाहीत, असे न्यायालयाने लिहून ठेवले. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी 'न्यूजक्लिक'शी संबंधित पत्रकारांच्या घरी पहाटेपासून झडत्या घेतल्या, ४६ जणांची चौकशी केली, फोन-लॅपटॉप नेले. त्या संकेतस्थळाच्या संपादकांची अटक पुढे मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणे लेखी दिली नव्हती. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पत्रकारांच्या एका संस्थेच्या याचिकेवर न्या. संजय किशन कौल यांच्या पीठाने केंद्राला सुनावले की पत्रकारांकडे सूत्रे असतात, असे सगळेच उचलून नेता येणार नाही, नियम करा. नियम होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे चालतील, असे केंद्राने डिसेंबरात सांगितले. ही हमी केंद्रीय यंत्रणांपुरती होती. राज्याच्या पोलिसांना, म्हणजे माझ्या दुकानात येऊ शकतील अशांना, ती लागू नव्हती.

युरोपातले एक प्रकरण मला फार उपयोगी वाटते. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात १९९८ मध्ये एका पत्रकाराने बातमी दिली की एका मंत्र्याला करचुकवेगिरीबद्दल दंड झाला आहे. दंडाचा कागद कोणी फोडला हे शोधण्यासाठी त्याच्या घराची, कार्यालयाची आणि वकिलाच्या कचेरीचीही झडती झाली. सूत्राचे नाव सापडले नाही. तरीही २००३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सरकारला दोषी धरले. म्हणणे असे की 'नाव सांग' असा हुकूम देण्यापेक्षा झडती ही अधिक जहाल गोष्ट आहे, कारण हुकमाला पत्रकार नकार तरी देऊ शकतो. झडतीत अचानक आलेल्यांच्या हाती त्याचे सगळे दप्तर लागते.

आणि अमेरिकेतले मॅरियन. कॅन्सस राज्यातले हे गाव, वस्ती दोन हजारांच्या आत, म्हणजे आमच्या धावड्याहूनही लहान. तिथे गावाचे स्वतःचे साप्ताहिक आहे, हे ऐकून मला आधी हेवाच वाटला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी पोलिसांनी त्या साप्ताहिकाच्या कचेरीत आणि मालकाच्या घरी छापा घालून संगणक, फोन नेले. घरात मालकाची ९८ वर्षांची आई होती, साप्ताहिकाची भागीदार. दुसऱ्या दिवशी ती वारली. पाच दिवसांनी सरकारी वकिलानेच मान्य केले की वॉरंटला पुरेसा आधार नव्हता, आणि सामान परत दिले. अमेरिकेत १९८० पासून कायदा आहे की पत्रकाराकडचा कागद हवा असेल तर सहसा झडती घ्यायची नाही, समन्स काढून मागायचा. कायदा असूनही असे झाले. पण कायदा होता म्हणून पाच दिवसांत उलगडा झाला, हेही खरे.

आपल्याकडे आज हातात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९४ खाली पोलीस कागद किंवा फोन लेखी मागू शकतात. त्यावर उत्तर देता येते, वकिलाला विचारता येते. झडतीचे वॉरंट कलम ९६ खाली न्यायालय देते. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने कारणे आणि शोधायची वस्तू आधी लिहून ठेवायची आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, घरमालकाला हजर राहता येते, जप्त मालाच्या यादीची प्रत त्याला द्यावी लागते. आणि कलम १०५ प्रमाणे आता झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांना बंधनकारक आहे. फोन देण्याची वेळ आलीच तर आयएमईआय क्रमांक यादीत लिहून घ्या, तो तुमच्यासमोर सीलबंद करायला सांगा आणि हॅश व्हॅल्यू मागा. हॅश व्हॅल्यू म्हणजे यंत्रातल्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा. नंतर आत एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा बदलतो. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते की नाही, यावर न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मी हे सगळे एका कागदावर टाइप करून दुकानात काचेखाली ठेवले आहे. गिऱ्हाइकांना वाटते दरपत्रक आहे.

या सगळ्यात सांगणाऱ्याला थेट वाचवणारे एकही कलम नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ही कलमे झडती नीट कशी घ्यायची ते सांगतात. नीट घेतलेल्या झडतीतही 'टोपी' सापडलाच असता. न्यायाधीशाने आधी विचारावे की हा कागद दुसऱ्या कुठून मिळतो का, आणि मिळत नसेल तर तेवढाच काढून घ्या, बाकीच्याला हात लावू नका, अशी तरतूद हवी. विधी आयोगाने ४० वर्षांपूर्वी जी ओळ सुचवली तिच्याजवळपास जाणारी. ती येईल तेव्हा येईल.

तोवर मी जुन्या पद्धतीवर गेलो आहे. महत्त्वाचे नंबर पाठ करतो. वयामुळे फार राहत नाहीत, चारपाच राहतात. बोलायचे असेल तर आठवडी बाजारात, गर्दीत, उभ्या उभ्या. कागद हाती आला की त्यातला मजकूर उतरवून घेतो आणि मूळ कागद परत देतो. तो माणूस आता मुलाकडे शहरात असतो. त्याची नोकरी मी परत मिळवून देऊ शकलो नाही. दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा त्यानेच थांबवले. पुन्हा नाव निघेल म्हणाला.

मधूनमधून सकाळी शटर उघडताना खाली सरकवलेली चिठ्ठी मिळते. वहीचा फाडलेला अर्धा कागद, एखादे गाव, एखादी तारीख, एखादा आकडा. सही नसते. मी ती वाचतो, लागेल तेवढे टिपून घेतो आणि चिठ्ठी चुलीत घालतो. अक्षर कोणाचे, हे ओळखायचा मी प्रयत्न करत नाही.